नावं लिहायची नाहीत

"एकोणतीस."

"हजर सर."

"तीस."

"हजर सर!"

आणि लगेच माझ्या पायापासून हातभर अंतरावर धप्-धप्. बाकाच्या लोखंडी पायावर बुटाच्या टाचेचे दोन ठोके.

"एकतीस."

"हजर सर."

उपासे सरांनी हजेरीतून मान वर केली. "कोण आहे ते? रोज हजेरीलाच कुणाच्या पायाला मुंग्या येतात?"

"सर, भूकंप असंल," मुलांच्या बाजूनं आवाज आला. "कोयनेचा."

अख्खी नववी क हसली. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं, खडूची भुकटी उडाली, आणि माझ्याकडे एक नजर टाकली. बघा, आता तुम्हीच बघा, अशी.

मी वर्गाच्या अगदी मागे, भिंतीला टेकवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर दोनशे पानी निळी वही. मी लिहिलं, 'सोमवार, ११.०५. हजेरी चालू असताना बाक वाजवला. दोनदा. क्रमांक' आणि तिथं पेन थांबलं. कारण त्या बुटाला एक काळी आणि एक तपकिरी नाडी होती. दुसरी काळी मिळाली नव्हती म्हणून तपकिरी मीच त्या सकाळी ओवून दिली होती.

मी 'चाळीस' असं लिहिलं. चाळीस म्हणजे शर्वरी माणगावे. माझी मुलगी.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि इचलकरंजीतल्या सगळ्या आया जेवढी काळजी करतात त्याच्या दुप्पट एकटी करत होते. शर्वरीच्या दैनंदिनीत दोन लाल शेरे आले होते. 'वर्गात गोंधळ घालते', 'शिक्षकांना उलट बोलते'. तिसरा आला की दाखला हातात, असा त्या शाळेचा नियम होता. सातवीपर्यंत जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती पोरगी उलट बोलते? मी तिची दप्तरं तपासली, मैत्रिणी तपासल्या, शिकवणीच्या वेळा तपासल्या. काही सापडलं नाही, त्यामुळे काळजी आणखी वाढली.

त्यातच मुख्याध्यापिका नेर्लेकर मॅडम कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हेमांगीताई, तुम्ही मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय ना?"

चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीत जरा ताठ झाले.

"नववी कमध्ये जायला शिक्षक तयार नाहीत. तिघांनी तुकडी बदलून मागितलीय. शिक्षा करून करून आम्ही दमलो. आता आपल्याला त्या मुलांना समजून घ्यायचंय. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस मागे बसा. कोण, कधी, काय करतं ते टिपा. शोधायचं ते कारण. गुन्हेगार नाही."

"पण मॅडम, माझी मुलगी त्याच वर्गात आहे."

"माहितीय. पण दुसरी कुठलीच आई त्या वर्गात बसायला तयार नाही." त्या हसल्या. "आणि घाबरू नका. नावं लिहायची नाहीत. फक्त पट क्रमांक. वही माझ्या खणात राहील, माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. मुलं सुरक्षित राहिली पाहिजेत ना आपल्या हातात?"

'आपल्या हातात.' ते शब्द मी घरी येईपर्यंत घोळवत होते.

वर्गात मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असं शर्वरीला बजावून ठेवलं होतं. तिला त्याची भारी गंमत वाटली. संध्याकाळी जेवताना ती ताट पुढे करून म्हणायची, "मॅडम, एक पोळी मिळेल का?" आणि तिचे बाबा, "मॅडम, मीठ जरा कमी पडलंय, तुमच्या वहीत टिपून ठेवा." आम्ही तिघंही हसायचो. त्या दिवसांत आमच्या घरात खूप हसणं होतं, हे मला नंतर आठवलं.

"हजेरीला बाक का वाजवतेस गं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कधी?"

"तीस नंबर झाला की."

तिनं आमटीत पोळी बुडवली. "पाय हलतो गं माझा. सवय."

"रोज? तीसलाच?"

"मॅडम, हे घर आहे," ती म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

बुधवारी विज्ञानाच्या तासाला मी टिपणं काढायला लागले ती पान भरलं तरी थांबले नाही. उपासे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. आकृती काढता काढता, खडू करकरवत. त्यांनी दोन वाक्यं बोलायची, की कुठून तरी आवाज यायचा.

"सर, परत सांगा!"

"ऐकू नाही आलं सर!"

"सर, इकडं बघून सांगा की."

"सर, फळ्यावर लिहा ना!"

चौथ्या वेळेला सर वळले. कपाळाची शीर फुगली होती. "बहिरे आहात का सगळे? सात नंबर, ऊठ. बाहेर हो."

सात नंबरचा ओंकार उठला. वही, पेन, पाण्याची बाटली असं सगळं नीट आवरून घेतलं, जणू गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवलंय, आणि जाता जाता मुलींच्या बाजूला बघून भुवई उडवली. शर्वरीनं मान हलवली.

भुवई उडवणारा मुलगा आणि मान हलवणारी माझी मुलगी. कुठलीही आई जे समजेल ते मी समजले. पण हातातली वही वेगळंच सांगत होती. एका तासात अकरा व्यत्यय. अकरा वेळांना नऊ वेगवेगळी मुलं. म्हणजे हे कुणा एकाचं टवाळपण नव्हतं. आणि अकराच्या अकरा वेळा सरांचं तोंड फळ्याकडे होतं. ते जेव्हा वर्गाकडे बघून बोलत, तेव्हा नववी क देवळात बसल्यासारखी शांत असायची.

मी शुक्रवारी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

शनिवारी दुपारी शर्वरीच्या भूगोलाच्या वहीला कव्हर घालताना जुन्या कव्हराच्या आतून एक कागद पडला. तिचं अक्षर. वर, 'सगळ्यांत मोठ्यानं ओरडून बाहेर कुणी जायचं'. सोमवार – ओंकार, सानिका. मंगळवार – इरफान, मी. बुधवार – ओंकार, पूजा. असं शनिवारपर्यंत. खाली लाल पेनानं, 'एकालाच दोनदा बाहेर जायला लागलं तर पाळी बदलायची.'

ती स्वयंपाकघरात ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"पाळ्या लावून गोंधळ घालता तुम्ही?"

तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"शर्वरी, दोन शेरे झालेत. तिसऱ्याला दाखला देतील. एका पोराच्या भुवईवर..."

"आई, शी! ओंकार? त्याला पहाटे पेपर टाकून झोप आवरत नाही, भुवई कसली उडवतोय." ती हसली. मग मान खाली घालून मेथीची पानं खुडू लागली. "तू कुणाला सांगणार नाहीस?"

"काय आहे त्यावर..."

"मग राहू दे."

"नाही सांगणार."

"माझी शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

तिनं एक श्वास घेतला आणि भडाभडा सांगून टाकलं. इतकं, की हे सांगायला ती कधीपासून माणूस शोधत होती असं वाटलं.

एकतीस नंबर म्हणजे वर्षाराणी डाके. उंच म्हणून उंचीच्या क्रमानं मागून दुसऱ्या बाकावर बसवलेली. शर्वरीच्या बरोबर पुढे. आठवीच्या दिवाळीपासून तिचे दोन्ही कान वाहत होते आणि हळूहळू ऐकू येणं कमी होत गेलं होतं. समोरचा माणूस तोंडाकडे बघून बोलला की तिला समजायचं, ओठांवरून. पण सर हजेरी घेताना खाली बघतात, शिकवताना फळ्याकडे. आठवीत तिला तीन दिवस लागोपाठ गैरहजर लावलं होतं आणि प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून उपासे सरांनी एक अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गानं ठरवलं.

"तीस झाला की मी बाक वाजवते. लोखंड हलतं ना, तिला कळतं. आणि सर फळ्याकडे बघून बोलले की कुणीतरी परत सांगा म्हणायचं. वळून, मोठ्यानं बोलतात मग. चिडल्यावर तर लय स्पष्ट बोलतात." ती पुन्हा हसली. "इरफान म्हणतो, सरांना चिडवणं हेच तिचं कानाचं मशीन आहे."

"आणि तिच्या घरी?"

"ती मामाकडं असते. त्यांच्या घरातच चार माग आहेत. दिवसभर खडखडाट. तिथं सगळेच ओरडून बोलतात नाहीतर हातानं खुणा करतात. कुणाला कळणार?"

मला ते घर ठाऊक होतं. मकोट्यांचं. रस्त्यावरून जातानाही तिथं बोलणं थांबवायला लागायचं.

"अगं पण हे डॉक्टरला दाखवायला हवं. कान वाहणं बरं होऊ शकतं. शाळेला सांगितलं तर तिला पुढं बसवतील..."

"आई!" तिनं माझं मनगट धरलं. मेथीची ओल माझ्या हाताला लागली. "तिच्या मामानं सांगितलंय, शाळेतून एक जरी तक्रार आली तर उद्यापासून सुताच्या कांड्या भरायला बसायचं. तिच्या ताईला तसंच बसवलं. दहावी झाली की ती स्वतः डॉक्टरला दाखवणार आहे. तोपर्यंत आम्ही ओढतो. दीड वर्षच राहिलंय. तू शप्पथ घेतलीयस."

"घेतलीय."

"मॅडम नाही. आईनं घेतलीय."

"आईनं घेतलीय," मी म्हणाले.

त्या रात्री मी खूश होते, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. माझी मुलगी वाया गेली नव्हती. आणि जे शाळेतल्या बावीस शिक्षकांना वर्षभरात कळलं नव्हतं ते मी तीन दिवसांत एका वहीत पकडलं होतं.

सोमवारी वही द्यायची होती. रविवारी दुपारी मी ती उघडून बसले. मी स्वतःला सांगितलं, शर्वरीनं सांगितलेलं मी लिहीत नाहीये, मी पाहिलेलं लिहितेय. मी सांगितलं, दीड वर्षात त्या मुलीचे कान पार जातील. हे खोटं नव्हतं. आणि नाव तर कुठं येतच नव्हतं. मी सुबक अक्षरात लिहिलं, 'सदर व्यत्यय हा बेशिस्तीचा प्रकार नसून सहकार्याचा आहे. क्र. ३१ हिला श्रवणदोष असावा. क्र. ४०, ७, १९ व इतर विद्यार्थी तो दोष झाकण्यासाठी नियोजनपूर्वक गोंधळ करतात. क्र. ३१ हिला पहिल्या बाकावर बसवून, गाजावाजा न करता कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था व्हावी.' 'गाजावाजा न करता' याच्याखाली दोन रेघा मारल्या. 'सहकार्याचा' हा शब्द मला फार आवडला. तो दोनदा वाचला.

नेर्लेकर मॅडमनी वही माझ्यासमोरच वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"हेमांगीताई, तुम्ही एम.ए. का नाही केलंत हो?"

"मॅडम, हे तुमच्याजवळच राहील ना? मी मुलीला शब्द दिलाय."

"अहो, खणाला कुलूप आहे." त्यांनी वही खणात ठेवली, किल्ली फिरवली आणि ती पदराला बांधलीसुद्धा. "त्या मुलीचं मी बघते. हळुवारपणे."

मी बाहेर पडले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते.

पालकसभा त्याच शनिवारी होती. सभागृहाच्या दारात टेबलावर तुकडीवार याद्या. ज्यानं त्यानं आपल्या मुलाच्या पट क्रमांकापुढे सही करायची, म्हणजे कोण आलं, कोण नाही ते कळतं. मी चाळीसपुढे सही केली. माझ्या पुढेच पांढरा लेंगा आणि सुताचे तंतू चिकटलेला शर्ट घातलेला एक माणूस वाकून आपला क्रमांक शोधत होता.

"वैनी, डाके कुठं आलं बगा जरा. चष्मा इसरलो."

मीच बोट ठेवून दाखवलं. "हे. एकतीस."

"एकतीस," तो म्हणाला, आणि सावकाश, दाबून सही केली.

व्यासपीठावर संस्थेचे सचिव आले होते. नेर्लेकर मॅडम ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या. शिबिराबद्दल बोलल्या, शाळेच्या नव्या प्रयोगाबद्दल बोलल्या. मग टेबलावरून काहीतरी उचललं. निळा पुठ्ठा.

"आमच्या एका माता-निरीक्षकानं नववी कमधल्या गोंधळाचा असा शोध घेतलाय की आपण सगळे थक्क व्हाल. नावं अर्थातच आम्ही घेत नाही. ते तत्त्व आम्ही पाळतो. मी त्यांचेच शब्द वाचते."

आणि त्या वाचू लागल्या. आज लाज वाटते, पण पहिलं वाक्य मला छान वाटलं. 'बेशिस्तीचा प्रकार नसून सहकार्याचा आहे.' पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. सचिवांनी पेन काढलं. माझं वाक्य ध्वनिक्षेपकातून किती भारदस्त वाटत होतं!

"क्रमांक एकतीस हिला श्रवणदोष असावा..."

मी उठून उभी राहिले. "मॅडम!"

त्यांनी हातानं मला बसायची खूण केली, हसून. त्यांना वाटलं मी लाजतेय.

त्यांनी सगळं वाचलं. चाळीस, सात, एकोणीस. 'गाजावाजा न करता' हेसुद्धा वाचलं, ध्वनिक्षेपकातून.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्रत्येकाच्या डोक्यात आत्ताच सही केलेला आकडा होता. माझ्या उजवीकडून दोन रांगा सोडून तो सुताचे तंतू लागलेला माणूस उठला.

"एकतीस म्हंजे आमचीच की वो."

त्यानं व्यासपीठाकडे बघितलं.

"आमची वर्षाराणी. बहिरी हाय म्हणता?"

"मकोटे, तुम्ही नंतर ऑफिसात..."

"न्हाई, आता वाचलंसा न्हवं समद्यांम्होरं? मग आताच सांगा. वर्षभर पोरगी माज्या घरात बहिरी हाय आन् मला म्हाईत न्हाई, पर हित समद्या वर्गाला म्हाईत?" त्याचा आवाज मोठा होता, मागाच्या घरातला, पण शेवटी तो जरासा फाटला. "माज्या बहिणीला काय त्वांड दावू मी?"

"म्हणजे आमच्या पोराला वर्गाबाहेर काढतात ते हिच्यापायी?" मागून एक बाई. "चार वेळा चिठ्ठी आली आमच्याकडं!"

"आमचं बी वरीस वाया जायला लागलंय."

"तिच्यासाठी वेगळ्या शाळा असतात की."

सचिव नेर्लेकर मॅडमच्या कानाशी लागले. मॅडमनी मान हलवली. त्यांचा चेहरा मला लांबूनही बदललेला दिसला. "पालकहो, शांत राहा. शाळा सर्वांचंच हित बघेल. अशा विद्यार्थिनीसाठी योग्य ती सोय जिथं आहे तिथं तिला पाठवावं, असं आमचं मत आहे. त्यासाठी लागणारा दाखला सोमवारी तयार असेल."

"दाखला द्याच," मकोटे म्हणाले. "घरी चार माग हैत. तिथं ऐकू यायची गरज न्हाई."

सभा संपल्यावर मी ऑफिसात शिरले. मॅडम वही खणात ठेवत होत्या. कुलूप लावत होत्या.

"तुम्ही म्हणाला होतात कुणी वाचणार नाही."

"कुणाला दिली का मी वाचायला? मीच वाचली."

"मॅडम..."

"हेमांगीताई, मी एक तरी नाव घेतलं का?" त्यांना खरंच समजत नव्हतं. किंवा खरंच समजत होतं. "क्रमांक तुम्हीच लिहिलेत. आणि यादीवर बोट ठेवून तुम्हीच त्यांना दाखवत होतात म्हणे, शिपाई सांगत होता." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "सचिवसाहेबांना तुमची भाषा फार आवडली."

मी तशीच मकोट्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्त्यानं ठरवलं होतं. डॉक्टरांचं नाव, ऑपरेशन छोटं असतं, पहिला बाक मागून घेऊ, मी स्वतः रोज शिकवीन. दारातून आत पाऊल टाकलं आणि मागांच्या खडखडाटात त्यातलं एकही वाक्य मला स्वतःला ऐकू आलं नसतं. मकोटे मागांमधून पुढे आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि तसेच आतल्या खोलीत निघून गेले.

कोपऱ्यात कांड्या भरायच्या यंत्राशी वर्षाराणी बसली होती. अजून कुणी तिला काही सांगितलं नसावं. किंवा एवढंच सांगितलं असावं की बस. तिनं मला पाहिलं आणि चेहरा उजळला. उठून जवळ आली, माझ्या तोंडाकडे, बरोबर ओठांकडे बघत.

"काकू, शर्वरी नाही आली?"

मी मान हलवली.

"तिला सांगा, सोमवारी विज्ञानाची वही आणायला. माझी अपुरी आहे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती इतक्या बारकाईनं बघत होती की मला तोंड मिटून घ्यावं लागलं.

शर्वरीला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. ओंकारच्या आईकडून. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी तिच्या भल्यासाठी..." मी म्हणाले. "नाव नव्हतं लिहिलं गं मी. मॅडमनी शब्द दिला होता. मला फसवलं त्यांनी."

ती वळली नाही.

"शर्वरी, मी शाळेत जाऊन भांडून आले. मी मकोट्यांच्या..."

"तिला कळलं?"

"अजून नाही."

"कोण सांगणार?"

मी पलंगाच्या कडेला बसले.

"तिला मीच सांगितलं होतं," ती भिंतीला म्हणाली, "की आईला सांगितलंय, पण माझी आई तशी नाही."

पुढच्या बुधवारी मी शेवटची त्या लाल खुर्चीत बसले. नको म्हणाले होते, पण मॅडमनी निरोप पाठवला की प्रयोग अर्धवट सोडू नये. उपासे सरांनी हजेरी उघडली.

"एकोणतीस."

"हजर सर."

"तीस."

"हजर सर."

माझं लक्ष माझ्या पायापाशी होतं. काळी नाडी, तपकिरी नाडी. दोन्ही बूट फरशीवर शेजारी शेजारी, एका रेषेत ठेवलेले.

सरांची नजर ओळीवर अडखळली. तिथं लाल शाईनं रेघ मारलेली असणार. "बत्तीस."

"हजर सर."

मग ते फळ्याकडे वळले आणि शिकवायला लागले. खडू करकरत होता. एकानंही परत सांगा म्हटलं नाही. एकानंही मान वळवली नाही. पन्नास मुलं हाताची घडी घालून पस्तीस मिनिटं सरांच्या पाठीकडे बघत बसली. शर्वरीच्या पुढची जागा रिकामी होती आणि तिच्यावरून फळा मला स्वच्छ दिसत होता.

तास संपल्यावर सर माझ्यापाशी आले. खूश होते. "बघितलंत? टाचणी पडली तरी ऐकू येईल. कमाल केलीत तुम्ही."

मॅडमनी खणातून काढून दिलेल्या वहीत मी तारीख आणि वेळ घातली होती. खाली काही लिहिण्यासारखं घडलंच नव्हतं.

संध्याकाळी शर्वरीनं जेवणाच्या टेबलावर दैनंदिनी आणून ठेवली. तो आठवड्याच्या सहीचा दिवस होता. शेऱ्याचा रकाना कोरा होता, आणि शेजारी वर्गशिक्षकांनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, 'वर्तनात उत्तम सुधारणा.' तिचे बाबा म्हणाले, "अरे वा!" आणि माझ्याकडे बघून थांबले.

मी पेन शोधत होते. तिनं आपलंच पेन टोपण काढून माझ्यापुढे धरलं आणि रकान्यावर बोट ठेवून दाखवलं.

"इथं सही करा, मॅडम."

ती हसत नव्हती. तिच्या बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपलं ताट जवळ ओढून घेतलं.

मी सही केली.